अर्ध्या किलोचा सोनेरी सिंह

ब्राझीलच्या वीस रेआलच्या नोटेच्या मागील बाजूस २००२ पासून एका छोट्या माकडाचे चित्र आहे. चेहऱ्याभोवती सिंहासारखी आयाळ, अंगभर सोनेरी-केशरी झळाळी आणि अंगापेक्षा लांब शेपूट. इंग्रजीत त्याला ‘गोल्डन लायन टॅमरिन’ म्हणतात, तर ब्राझीलच्या पोर्तुगीज भाषेत ‘मिको-लेआंव-दोरादो’, म्हणजेच सोनेरी सिंह-माकड. ही नोट रोज कोट्यवधी हातांतून फिरते. मात्र नोटेवरचा प्राणी प्रत्यक्ष रानात पाहिलेले ब्राझीलवासीय थोडेच. कारण संपूर्ण जगात हे माकड निसर्गतः एकाच ठिकाणी आढळते. ते ठिकाण म्हणजे रिओ द जानेरो राज्याच्या किनारपट्टीलगत उरलेले जंगलाचे तुकडे.

१९७०च्या दशकाच्या सुरुवातीस या जंगलांत जेमतेम दोनशे सोनेरी टॅमरिन उरली असावीत, असा अंदाज होता. २०२३ मध्ये जाहीर झालेल्या गणनेनुसार ही संख्या सुमारे ४,८०० झाली आहे. वन्यजीव संरक्षणाच्या इतिहासातील मोजक्या यशोगाथांमध्ये या माकडाचा आवर्जून उल्लेख होतो, तो यामुळेच. परंतु या दोन आकड्यांना जोडणारी रेषा सरळ नाही. मध्येच एका साथीने या माकडांची जवळपास एक तृतीयांश संख्या पुसून टाकली होती. त्यामुळे आज तिथल्या रानात एखाद्या पर्यटकाला सोनेरी टॅमरिन दिसते, तेव्हा ते नेमके कशाच्या बळावर तिथे टिकून आहे, हे समजून घेण्यासारखे आहे.

भेट कशी घडते?

रिओ शहरापासून ईशान्येला सुमारे शंभर किलोमीटरवर साव जुआंव नदीचे खोरे आहे. सिल्वा जार्दिम आणि कासिमिरो द अब्रेऊ ही तिथली गावे. महामार्गाच्या दुतर्फा गुरांची कुरणे, मधूनच टेकडीच्या माथ्यावर किंवा ओढ्याकाठी उरलेले दाट झाडीचे पट्टे, असे या भागाचे आजचे रूप आहे. या पट्ट्यांतच सोनेरी टॅमरिन राहते.

हे माकड दिवसा वावरणारे आहे. रात्र ते झाडाच्या ढोलीत, कुटुंबातील सर्वांनी एकमेकांना बिलगून काढते. सूर्योदयानंतर ढोलीतून बाहेर पडायचे, दिवसभर फळे आणि किडे शोधायचे आणि अंधार पडण्यापूर्वीच पुन्हा ढोली गाठायची, असा त्याचा दिनक्रम असतो. घुबड आणि रानमांजरांपासून बचावासाठी ढोलीइतकी सुरक्षित जागा दुसरी नाही. पण ढोली जुन्या झाडांनाच असतात. केवळ नवी रोपे लावून हे माकड लगेच वस्तीला येत नाही, त्याचे एक कारण हेच.

पाहणाऱ्याला आधी ऐकू येतो तो आवाज. शिट्टीसारखी तीक्ष्ण, लांबत जाणारी हाक, आणि तिला पलीकडच्या झाडीतून मिळणारे उत्तर. मग वेलींच्या जाळ्यात, जमिनीपासून काही मीटर उंचीवर, केशरी रंगाची हालचाल दिसते. पहिल्यांदा पाहणाऱ्यास सर्वाधिक आश्चर्य वाटते ते त्याच्या आकाराचे. छायाचित्रांत रुबाबदार वाटणारा हा प्राणी प्रत्यक्षात वजनाने अर्ध्या लिटर दुधाच्या पिशवीएवढा, फार तर त्याहून थोडा अधिक भरतो. शेपूट वगळता त्याची लांबी एक वीतभर किंवा थोडी जास्त. बोटे मात्र लांब आणि सडसडीत. त्यांना बहुतेक माकडांसारखी सपाट नखे नसून नख्या असतात. झाडांवर वाढणाऱ्या ब्रोमेलिया या अननसाच्या कुळातील वनस्पतींच्या पानांच्या बेचक्यांत किंवा सालीच्या फटींत ही बोटे घालून ते किडे, कोळी आणि लहान बेडूक बाहेर काढते.

एका कुटुंबात साधारण पाच-सहा जण असतात. सहसा एकच मादी पिलांना जन्म देते आणि बहुधा जुळेच होते. पिले पाठीवर घेऊन फिरण्याचे काम आईइतकेच, किंबहुना पहिल्या काही आठवड्यांनंतर तिच्याहून अधिक, बाप आणि मोठी भावंडे करतात. अशा एका कुटुंबाला चाळीस ते पन्नास हेक्टर जंगल लागते. दादरच्या शिवाजी पार्कासारखी चार मैदाने एकत्र केली, तर जेवढी जागा होईल तेवढी एका कुटुंबाची हद्द. ही हद्द ते इतर कुटुंबांपासून हाकाऱ्यांनी आणि पाठलागांनी राखते. जंगलाच्या लहानशा तुकड्यात फार कुटुंबे मावत नाहीत, याचे गणित येथेच स्पष्ट होते.

जंगल गेले, माकड गेले

मॅगेलनच्या पृथ्वीप्रदक्षिणेत सहभागी झालेला इटालियन वृत्तांतलेखक अंतोनियो पिगाफेत्ता याने १५१९ मध्ये ब्राझीलच्या किनाऱ्यावर पाहिलेल्या, सिंहासारख्या दिसणाऱ्या पिवळ्या सुंदर माकडांची नोंद केली आहे. ती याच माकडाविषयी असावी, असे मानले जाते. त्या काळी ब्राझीलच्या पूर्व किनाऱ्यावर अटलांटिक अरण्याचा प्रचंड पट्टा पसरलेला होता. अॅमेझॉनपासून वेगळे असलेले हे अरण्य जैवविविधतेत तिच्या तोडीचे मानले जाते. मात्र पोर्तुगीज वसाहत याच किनाऱ्यावर झाली. ऊस, कॉफी, लाकूड, कोळसा, गुरांची कुरणे आणि शेवटी शहरे, अशा पाच शतकांच्या क्रमात हे अरण्य आक्रसत गेले. आज त्याचा आठवा हिस्सादेखील धडपणे उरलेला नाही आणि जे उरले आहे त्याचेही असंख्य तुकडे झाले आहेत.

सोनेरी टॅमरिनचे दुर्दैव असे की, त्याला किनाऱ्यालगतचे सखल जंगल लागते. माणसालाही नेमकी तीच जमीन हवी होती. डोंगरउतारावरची झाडी काही प्रमाणात वाचली, सपाटीवरची जवळपास संपली. त्यात या माकडाच्या रूपाचा त्याला जाचच झाला. युरोप-अमेरिकेतील हौशी लोक आणि प्राणिसंग्रहालये यांच्यासाठी १९६०च्या दशकापर्यंत दरवर्षी ही माकडे मोठ्या संख्येने पकडून परदेशी पाठविली जात.

ही गोष्ट सर्वप्रथम ठामपणे मांडली ती ब्राझीलचे प्राणिशास्त्रज्ञ अदेलमार कोइंब्रा-फिल्यो यांनी. १९६०च्या दशकात जंगले पायी धुंडाळून त्यांनी हे माकड नामशेष होण्याच्या मार्गावर असल्याचे लक्षात आणून दिले. १९६७ मध्ये ब्राझीलमध्ये वन्यप्राणी संरक्षण कायदा झाला. १९७२ मध्ये या माकडांच्या बचावासाठी वॉशिंग्टन येथे शास्त्रज्ञांची परिषद भरली. १९७४ मध्ये ‘पोसो दास आंतास’ हे जैविक अभयारण्य स्थापन झाले. अशा प्रकारचे हे ब्राझीलमधील पहिलेच अभयारण्य. त्याचे क्षेत्रफळ सुमारे पाच हजार हेक्टर, म्हणजे बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या जवळपास निम्मे. एवढ्याशा जागेवर एका संपूर्ण प्रजातीची भिस्त होती.

पिंजऱ्यातून रानात

दुसरी आशा होती ती जगभरच्या प्राणिसंग्रहालयांतील माकडांची. पण पिंजऱ्यात ती नीट जगत नव्हती आणि वाढत तर मुळीच नव्हती. वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय प्राणिसंग्रहालयातील संशोधक डेव्हरा क्लायमन यांनी या प्रश्नाचा पिच्छा पुरविला. ही माकडे कळपाने ठेवण्याची नसून जोडीने ठेवण्याची आहेत, एका पिंजऱ्यात दोन प्रौढ माद्या सहसा नांदत नाहीत, तसेच लहान भावंडांना सांभाळण्याचा अनुभव नसलेली पिले मोठेपणी स्वतःची पिले नीट वाढवू शकत नाहीत, अशा बाबी हळूहळू उलगडत गेल्या. आहारात बदल झाला. कोणत्या नराची कोणत्या मादीशी जोडी लावायची, हे ठरविण्यासाठी जगभरच्या माकडांची एकत्र वंशावळ ठेवली जाऊ लागली. संख्या वाढू लागली. आपल्याकडील माकडांची मालकी प्राणिसंग्रहालयांनी पुढे ब्राझील सरकारकडे सुपूर्द केली. माकड जगात कुठेही जन्मले तरी ते ब्राझीलचे, असे त्यामुळे ठरले.

१९८४ मध्ये प्राणिसंग्रहालयात जन्मलेली पहिली माकडे ब्राझीलच्या रानात सोडण्यात आली. त्यातील बहुतेक जगली नाहीत. घट्ट बसविलेल्या काठ्यांवर वाढलेली ही माकडे हलणाऱ्या फांद्यांवरून पडत, वाट चुकत. थाळीत चिरून मिळणारे केळे त्यांना ठाऊक होते. सालीसकट लटकणाऱ्या फळाचे काय करायचे, हे ठाऊक नव्हते. साप आणि शिकारी पक्षी यांची ओळख नव्हती. या अपयशातून पद्धत बदलली. सोडण्यापूर्वी काही कुटुंबांना प्राणिसंग्रहालयाच्या आवारातील झाडांवर मोकळे राहू देण्यात आले. रानात सोडल्यानंतरही काही काळ खाद्य आणि झोपण्यासाठी लाकडी पेट्या पुरविण्यात आल्या. खरा फरक पडला तो पुढच्या पिढीत. मोठी माणसे जे शिकू शकली नाहीत, ते रानात जन्मलेली पोरे सहज शिकली, असेच या माकडांबाबतही घडले.

१९८४ ते २००० या काळात अशी १४६ माकडे सोडण्यात आली. आज रानात असलेल्या सोनेरी टॅमरिनपैकी सुमारे एक तृतीयांश या माकडांची वंशज आहेत. दुसरीकडे १९९०च्या दशकाच्या प्रारंभी झालेल्या पाहणीत रानात साधारण ५६० माकडे असल्याचे आढळले. त्यांतील काही कुटुंबे इतक्या छोट्या व एकाकी झाडीत अडकली होती की, त्यांचा अंत निश्चित होता. १९९४ ते १९९८ दरम्यान अशा सहा कुटुंबांतील चाळीसहून अधिक माकडे पकडून दुसऱ्या मोठ्या जंगलात हलविण्यात आली. तेच जंगल १९९८ मध्ये ‘उनियांव जैविक अभयारण्य’ म्हणून घोषित झाले. १९९२ मध्ये स्थापन झालेली ‘आसोसियासांव मिको-लेआंव-दोरादो’ ही स्थानिक संस्था तेव्हापासून या कामाचा कणा आहे.

या सगळ्याची फलश्रुती म्हणून २००३ मध्ये जागतिक निसर्ग संरक्षण संघाने या माकडाला ‘अतिसंकटग्रस्त’ यादीतून ‘संकटग्रस्त’ यादीत आणले. एखादी प्रजाती एका पायरीने वर येणे, ही या यादीच्या इतिहासात क्वचित घडणारी गोष्ट आहे. २०१४ च्या गणनेत संख्या ३,७०० वर पोहोचली. अनेकांच्या मते लढाई जिंकली गेली होती.

तुकड्यांचे जंगल

तथापि, या माकडांच्या अभ्यासकांचे लक्ष केवळ संख्येकडे नव्हते. सोनेरी टॅमरिन उघड्या कुरणातून सहसा जात नाही. दोन झाडींमध्ये काही शे मीटरचे गवत आले की, त्याच्या दृष्टीने तिथे भिंत उभी राहते. मग एकाच तुकड्यात पिढ्यान्पिढ्या त्याच त्या कुटुंबांत जोड्या जमतात, वंश कमकुवत होतो. एका तुकड्यात वणवा पेटला किंवा रोग शिरला, तर दुसरीकडून तेथे कोणी येऊ शकत नाही. म्हणूनच संस्थेने २०२५ सालासाठी ठेवलेले उद्दिष्ट ‘दोन हजार माकडे आणि पंचवीस हजार हेक्टर जोडलेले, संरक्षित जंगल’ असे होते. माकडांचा आकडा पार झाला तरी या वाक्यातील ‘जोडलेले’ हा शब्द सर्वांत अवघड आहे.

या भागातील बरीचशी झाडी खासगी मालकीची आहे. त्यामुळे जंगल जोडायचे म्हणजे जमीनमालकांशी बोलणे आले. पशुपालकांच्या कुरणांतून झाडांच्या पट्ट्या लावण्यात आल्या, स्थानिक स्त्री-पुरुषांनी रोपवाटिका चालवून त्यांना रोपे पुरविली आणि रोजगार मिळविला. ब्राझीलच्या कायद्यानुसार जमीनमालक आपल्या झाडीला स्वेच्छेने कायमस्वरूपी खासगी अभयारण्याचा दर्जा देऊ शकतो. मालकी त्याचीच राहते, पण पुढे जमीन विकली गेली तरी झाडी तोडता येत नाही. या खोऱ्यातील अनेक मालकांनी तो मार्ग स्वीकारला. सोडलेल्या माकडांपैकी कित्येकांना पहिला आसरा मिळाला, तोही अशाच खासगी जमिनींवर.

महामार्गाचा प्रश्न याहून बिकट होता. रिओकडून उत्तरेला जाणारा ‘बीआर-१०१’ हा राष्ट्रीय महामार्ग या अधिवासाला मधोमध चिरत जातो. त्याचे चौपदरीकरण झाले, तेव्हा दोन्ही बाजूंच्या माकडांचा संपर्क पूर्णच तुटण्याची वेळ आली. रुंदीकरणाच्या परवानगीबरोबर घातलेल्या अटींमुळे सिल्वा जार्दिमजवळ महामार्गावरून जाणारा, माती भरून झाडे लावलेला एक रुंद पूल २०२० मध्ये पूर्ण झाला. तो वाहनांसाठी नाही, केवळ प्राण्यांसाठी आहे. मात्र पूल बांधला म्हणजे माकडे लगेच त्यावरून जाऊ लागतात, असे नव्हे. त्यावरील रोपांची झाडे व्हावी लागतात, त्यांच्या फांद्या एकमेकींना भिडाव्या लागतात. सिमेंटचे काम काही महिन्यांत उरकते. झाडे आपल्याच गतीने वाढतात.

पीतज्वराचा तडाखा

२०१६ च्या अखेरीस ब्राझीलच्या मीनास जेराइस राज्यात पीतज्वराची साथ सुरू झाली आणि ती किनाऱ्याच्या दिशेने सरकत गेली. देशातील कित्येक दशकांमधील ही सर्वांत मोठी साथ ठरली. २०१८ च्या मध्यापर्यंत दोन हजारांहून अधिक माणसांना लागण झाली, सातशेहून अधिक माणसे दगावली. जंगलात या रोगाचा विषाणू झाडांच्या शेंड्यांवर वावरणारे डास पसरवितात आणि त्याचा पहिला घाव बसतो तो माकडांवर. हाउलर जातीची माकडे तर शेकड्यांनी मेली. २०१८ मध्ये सोनेरी टॅमरिनचा पीतज्वराने मृत्यू झाल्याचे प्रथमच सिद्ध झाले.

पुढे २०१९ मध्ये झालेल्या अभ्यासाने सर्वांनाच हादरा दिला. ३,७०० वरून संख्या २,५०० वर आली होती. ज्या पोसो दास आंतास अभयारण्यापासून या साऱ्या प्रयत्नांची सुरुवात झाली, तेथे ३८० च्या आसपास असलेली माकडे तिशीच्या घरात आली होती. नुकसान सर्वाधिक झाले ते मोठ्या आणि दाट जंगलांत. कारण या डासांनाही तशीच झाडी मानवते. जंगल जेवढे चांगले तेवढी माकडे सुरक्षित, हा साधा हिशेब या साथीने चुकीचा ठरविला.

याच काळात आणखी एक दुःखद प्रकार घडला. माकडेच रोग पसरवितात, या गैरसमजातून रिओ आणि आसपासच्या भागांत लोकांनी माकडांना दगडांनी, काठ्यांनी आणि विष घालून मारले. वस्तुतः माकड हे या रोगाचे बळी आहे. रानात माकडे मरू लागली की, रोग जवळ आल्याची सूचना माणसांना मिळते आणि लसीकरण सुरू करता येते. माकड मारणे म्हणजे धोक्याची घंटा फोडून टाकण्यासारखे आहे.

महाराष्ट्र आणि गोव्यातील वाचकांना ही बाब अगदीच परकी वाटू नये. गोव्याच्या सत्तरी तालुक्यात २०१५ पासून आणि सिंधुदुर्गातील दोडामार्ग, सावंतवाडी या तालुक्यांत २०१६ पासून ‘माकडताप’ या नावाने ओळखला जाणारा क्यासनूर जंगलाचा रोग आढळला आहे. तो रोग वेगळा, विषाणूही वेगळा आणि त्याचा प्रसार डासांऐवजी गोचिडीमुळे होतो. पण रानात मेलेले माकड ही तेथेही आरोग्य यंत्रणेसाठी पहिली सूचना असते आणि रोगाच्या नावात ‘माकड’ असल्याने तेथेही दोष त्याच्याच माथी येतो.

रानातल्या प्राण्याला लस?

साथीनंतर ब्राझीलच्या शास्त्रज्ञांपुढे पेच होता. माणसांसाठीची पीतज्वराची लस कित्येक दशके वापरात आहे. ती या माकडांना दिली तर? रानातील प्राण्यांना लस टोचणे, हा निसर्गात अवाजवी हस्तक्षेप आहे, असा एक पक्ष होता. ज्यांच्यात रोगप्रतिकारशक्ती असेल ती माकडे टिकतील, बाकीची जातील, निसर्गाचे असेच चालते, हा त्यामागील विचार.

याला उत्तर देणाऱ्यांचे म्हणणे असे की, या कथेत ‘निसर्गाचे चालते’ असे फारसे काही उरलेलेच नाही. पीतज्वर मुळात आफ्रिकेतील रोग आहे. गुलामांच्या व्यापाराच्या जहाजांतून तो अमेरिका खंडात आला. जंगलाचे तुकडे माणसाने केले. अखंड अरण्य असते तर एका भागात मेलेल्या माकडांची जागा दुसरीकडून आलेल्यांनी भरून काढली असती. तुकड्यांच्या जंगलात ती सोय नाही. माणसाने इतके बदलून ठेवल्यावर हात बांधून बसणे म्हणजे निसर्गावर सोपविणे होत नाही.

प्रथम रिओ येथील माकड संशोधन केंद्रात बंदिस्त माकडांवर या लसीची मात्रा कमी करून चाचणी घेण्यात आली. ती सुरक्षित ठरल्यावर आणि सरकारी परवानगी मिळाल्यावर २०२१ मध्ये रानातील लसीकरण सुरू झाले. केळ्याचे आमिष लावलेल्या लहान सापळ्यांत कुटुंब पकडायचे, भूल देऊन लस टोचायची, तपासणी करायची आणि त्याच जागी परत सोडायचे, अशी ही पद्धत. २०२३ पर्यंत तीनशेहून अधिक माकडांना लस देण्यात आली होती. सगळ्या माकडांना ती देणे शक्य नाही आणि तसा हेतूही नाही. पुढची साथ आली तर प्रत्येक महत्त्वाच्या जंगलात पुन्हा वंश वाढविण्याइतकी माकडे वाचावीत, एवढाच उद्देश आहे.

त्याच वर्षीच्या गणनेत संख्या ४,८०० वर गेल्याचे दिसले. नवी जंगले जोडली गेल्याचा आणि साथ ओसरल्याचा यात वाटा आहे. पण पुढची साथ येणारच नाही, असे या आकड्यावरून म्हणता येत नाही.

पाहणाऱ्याने काय पाळावे?

या माकडांना पाहण्यासाठी आता प्रशिक्षित स्थानिक वाटाड्यांसोबत छोट्या गटांना नेले जाते. अभ्यासाखालील कुटुंबांतील एखाद्या माकडाच्या गळ्यात रेडिओपट्टा असतो, त्यामुळे कुटुंब कोठे आहे याचा माग लागतो. यातून मिळणारे उत्पन्न संरक्षणाच्या कामी येते आणि जंगल राखण्यात गावकऱ्यांचाही लाभ असतो.

या भेटीचे काही दंडक आहेत आणि ते निव्वळ शिष्टाचाराचे नाहीत. अंतर राखणे, खायला न देणे, स्पर्श न करणे, सर्दी-खोकला असल्यास न जाणे, हे त्यांतले मुख्य. माणसाच्या ओठांवर फोड आणणारा साधा विषाणू या कुळातील छोट्या माकडांच्या जिवावर बेततो. खाऊ देण्याची सवय लागली की, माकड माणसाजवळ येते आणि मग ते चोरांच्याही सहज हाती लागते. हा धोका आजही संपलेला नाही. २०२४ च्या फेब्रुवारीत पश्चिम आफ्रिकेतील टोगोच्या किनाऱ्यावर एका बोटीत १७ सोनेरी टॅमरिन आणि दुर्मीळ मकाव पोपट सापडले. त्यांना ब्राझीलला परत आणावे लागले. अशा व्यापाराला चालना मिळते ती ‘गोंडस’ प्राणी घरी हवा, या हव्यासातून. पाळीव म्हणून ईशान्य ब्राझीलमधून आणलेली आणि नंतर सोडून दिलेली मार्मोसेट जातीची माकडे आज सोनेरी टॅमरिनच्याच रानात त्यांच्या अन्नाची वाटेकरी झाली आहेत, हेही ध्यानात घेतले पाहिजे.

भारतातून तेथे जाऊ इच्छिणाऱ्यांनी आणखी एक नियम लक्षात ठेवावा. ब्राझीलहून भारतात परतताना पीतज्वराच्या लसीचा दाखला आवश्यक असतो आणि ती लस किमान दहा दिवस आधी घेतलेली असावी लागते. दाखला नसल्यास विलगीकरणात राहावे लागू शकते. भारतात हा रोग आजवर शिरलेला नाही. त्याला पसरविणारा शहरी डास मात्र येथे मुबलक आहे. त्यामुळे या नियमाकडे कागदोपत्री कटकट म्हणून पाहणे बरोबर नाही. पाहायला जाणाऱ्याने लस घ्यायची आणि ज्याला पाहायचे त्यालाही लस टोचलेली असायची, अशी आजच्या काळातील ही वन्यजीवभेट आहे.

सोनेरी टॅमरिन वाचले आहे का, या प्रश्नाचे उत्तर म्हणूनच एका आकड्यात देता येत नाही. दोनशेवरून ४,८०० पर्यंतचा प्रवास पन्नास वर्षांचा आहे. त्यात मोजणी करणारे, वंशावळ ठेवणारे, रोपे लावणारे, कुरणाची कडा झाडांसाठी सोडून देणारे आणि पहाटे सापळ्याजवळ बसून राहणारे, अशा अनेकांचे श्रम आहेत. यातले कोणतेही काम पूर्ण झाले म्हणून थांबविता आलेले नाही. महामार्गावरील पुलाची झाडे अजून वाढायची आहेत आणि पावसाळ्यात डास दरवर्षी येतात.